मसाला उदबत्ती पारखताना

उदबत्ती घेताना दुकानात जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. पुडा नाकाशी नेतो, दीर्घ श्वास घेतो आणि वास आवडला की पैसे काढतो. अत्तराच्या बाबतीत ही रीत बरोबर आहे, कारण अत्तर बाटलीत जसे असते तसेच अंगाला लागते. उदबत्ती मात्र जाळून वापरायची वस्तू आहे. पुड्यातून येतो तो न जळलेल्या बत्तीचा वास. घरात पसरणार तो तापलेल्या, अर्धवट जळलेल्या बत्तीचा. या दोहोंत कधी फारसा फरक नसतो, कधी जमीन-अस्मानाचा असतो, आणि बत्तीचा दर्जा बऱ्याच अंशी या फरकातच दडलेला असतो. मसाला उदबत्तीला तर हे जास्तच लागू पडते. तिच्यात कोणते महागडे द्रव्य घातले आहे यापेक्षा ते तिच्या अंगात कसे बांधले आहे, हे अधिक महत्त्वाचे. ही बांधणी घरच्या घरी पारखता येते. त्यासाठी जाणकार नाक लागत नाही. थोडा धीर लागतो आणि पुड्यावरच्या काही शब्दांकडे काणाडोळा करण्याची तयारी लागते.

आधी मसाला बत्ती म्हणजे काय, ते पाहू. बाजारातल्या बहुतेक उदबत्त्या दोन घराण्यांतल्या. पहिल्या घराण्यात आधी कच्ची बत्ती तयार होते. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि मैदालकडीच्या सालीची चिकट पूड (व्यापारात हिला जिगट म्हणतात) पाण्यात कालवून बांबूच्या काडीवर चढवतात. आता हे काम मुख्यतः यंत्रावर होते. या कच्च्या बत्तीला स्वतःचा सुवास नसतो. वाळल्यावर तिला सुगंधी मिश्रणात बुडवतात, आणि सुगंध महाग नि तीव्र असल्याने तो डायइथाइल थॅलेटसारख्या, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत डीईपीसारख्या, जवळजवळ बिनवासाच्या द्रवात पातळ केलेला असतो. दुसरे घराणे मसाल्याचे. इथे चंदनाची पूड, वाळ्याची मुळे, नागरमोथा, गावला कचोरा, जटामांसी, दालचिनी, राळ, लोबान अशा द्रव्यांतली काही निवडून त्यांची पूड करतात, तीत सुगंधी तेले, जिगट आणि कधी मध घालून कणकेसारखा गोळा मळतात, आणि तो पाटावर हाताने काडीभोवती वळतात. ओल्या बत्त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वरून पुन्हा कोरडी पूड भुरभुरतात. मसाला बत्तीवर हात फिरवला की बोटांना लागते ती ही पूड. यातली निम्मी द्रव्ये मराठी घरांना दिवाळीच्या उटण्यातून ओळखीची आहेत, त्यामुळे नागरमोथ्याचा मातकट किंवा कचोऱ्याचा कापरासारखा वास ओळखायला आपल्याला वेगळी शिकवणी लागू नये.

दोन घराण्यांतली सीमारेषा मात्र बाजारात तितकीशी स्पष्ट नाही. मसाल्यात जळण नीट व्हावे म्हणून थोडा कोळसा घालणारे आहेत, आणि कोळशाऐवजी लाकडाच्या पुडीची तपकिरी कच्ची बत्ती करून ती सुगंधात बुडवणारेही आहेत. अशी बत्ती दिसायला हुबेहूब मसाल्यासारखी असते. म्हणून रंगावर जाऊ नये. बत्तीच्या मधोमध नखाने हलकेच लेप खरवडून पाहावा. खऱ्या मसाल्यात आत वेगवेगळ्या पोताचे कण दिसतात, सालीचा तंतू, राळेचा चमकता ठिपका, एखादा जाडसर भुसकट तुकडा, आणि खरवडलेल्या जागेचा वास पृष्ठभागापेक्षा वेगळा, अधिक खोल असतो. बुडवलेल्या बत्तीत आतला लेप एकजीव आणि कोरडा असतो. सुगंध तिथेही मुरलेला असतो, पण त्याखाली दुसरे काहीच नसते.

हा फरक जळताना मोठा होतो. पेटलेल्या बत्तीच्या टोकाशी निखारा असतो आणि त्याचे तापमान कित्येक शे अंशांवर असते. तिथे सुगंधी रेणू टिकत नाहीत, जळून जातात. आपल्यापर्यंत पोहोचणारा सुवास निखाऱ्याच्या मागच्या अरुंद पट्ट्यातून येतो. तिथे लेप तापलेला असतो पण पेटलेला नसतो, आणि तेले वाफ होऊन धुराबरोबर बाहेर पडतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतली किंवा कोवळ्या फुलांतली हलकी द्रव्ये थोड्या उष्णतेत उडून जातात. पुडा उघडताच नाकात शिरतात तीच ही. चंदनातले सँटॅलॉल, वाळ्याची आणि पाचोलीची तेले ही जड, तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारी द्रव्ये. पुड्यात ती गप्प असतात आणि त्या तापलेल्या पट्ट्यात बोलू लागतात. मसाल्याची कला आहे ती इथे: जड द्रव्यांचा पाया रचायचा, राळ आणि डिंकाने मधल्या द्रव्यांना धरून ठेवायचे आणि हलक्यांना मोजकी जागा द्यायची. बुडवलेल्या बत्तीत पाया कोळशाचा असतो. कोळसा एकदा जळून झालेला असल्याने स्वच्छ जळतो हा त्याचा गुण खरा, पण तो सुगंधाला काही देत नाही, त्यामुळे सगळा भार वरच्या मिश्रणावर पडतो. म्हणून ते तीव्र करावे लागते, म्हणूनच ते पुड्यात घमघमते, आणि म्हणूनच खोलीत ते पुष्कळदा उग्र लागते. बुडवलेली बत्ती वाईटच असते असे नाही. चांगले मिश्रण वापरून केलेली बत्ती सुमार मसाल्यापेक्षा केव्हाही बरी. पण तिची परीक्षा सोपी असते, मसाल्याची गुंतागुंतीची.

मसाल्याच्या बांधणीतले एक द्रव्य थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, ते म्हणजे हलमड्डी. पश्चिम घाटात वाढणाऱ्या आयलँथस ट्रायफायसा या झाडाची ही राखाडी, चिकट, अर्धवट पातळ राळ. तिला स्वतःचा सौम्य गोडसर वास आहे, पण तिची खरी कामगिरी वेगळी. ती हवेतला ओलावा शोषते, मसाला मऊ ठेवते, बत्तीला सावकाश जळू देते आणि सुगंधी तेलांना जखडून ठेवते. परदेशात भारतीय उदबत्तीची ओळख बनलेला नागचंपा हा प्रकार या हलमड्डीवर उभा राहिला. खोडाला जखमा करून राळ काढण्याने झाडे खंगू लागली, वनखात्यांची बंधने आली, हलमड्डी दुर्मीळ आणि महाग झाली. तेव्हा अनेकांनी तिचे प्रमाण घटवले. जुने गिऱ्हाईक नागचंपा पूर्वीसारखा राहिला नाही अशी तक्रार करते, तेव्हा तिला केवळ जुन्याचा मोह म्हणून उडवून लावता येत नाही, पाया बदलला की वरचा सुगंध तोच ठेवूनही दरवळ बदलतो. हलमड्डी भरपूर असलेली बत्ती बोटाने दाबली तर किंचित दबते, वाकवली तर लेप तडकत नाही आणि दमट हवेत ओलसर लागते. कोकणातल्या पावसाळ्यात ती विझू शकते. तो तिचा दोष समजू नये.

आता सर्वांत मोठा आक्षेप. मसाला बत्ती घ्यायची ती नैसर्गिक असते म्हणून. मग बांधणीबिंधणी कशाला, पुड्यावर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे का ते पाहावे की! हे पाहणे निरुपयोगी आहे, आणि का ते साध्या हिशेबाने कळते. अस्सल चंदन तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे, म्हणजे एका ग्रॅमला शंभर रुपयांहून अधिक. शंभर ग्रॅमच्या पुड्यात एक टक्का अस्सल तेल घालायचे तर नुसत्या तेलाचेच शंभर रुपये झाले. काडी, मजुरी, वेष्टन, दुकानदाराची सूट सगळे त्यानंतर. मग ऐंशी रुपयांच्या ‘शुद्ध चंदन’ पुड्यात काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. अगराचे तर आणखी पुढचे. अगरवृक्षाला विशिष्ट बुरशी लागल्यावर त्याच्या गाभ्यात जे सुगंधी काळे लाकूड तयार होते ते इतके मोलाचे आणि दुर्मीळ आहे की आसामातल्या या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून नियंत्रणाखाली आहे. रोजच्या अगरबत्तीत अगर शोधणे व्यर्थ. याचा अर्थ उत्पादक सरसकट फसवतात असा नाही. चंदनाचा भुसा, थोडे तेल आणि चंदनासारखा वास देणारी कृत्रिम द्रव्ये यांचा नीट मेळ घातला तर फार सुरेख बत्ती होते. दुखणे आहे ते ‘शंभर टक्के’ या दोन शब्दांचे.

यावर कोणी म्हणेल, की कृत्रिम द्रव्य आले तिथे परंपरा संपली. परंपरेचा दाखला मात्र वेगळेच सांगतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याचा भर अमुक द्रव्य पवित्र की अपवित्र यावर नसून प्रमाणावर आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडायची तर १,८२० जुळण्या होतात, आणि प्रत्येकीत कोणाचा एक भाग, कोणाचे दोन, तीन, चार हे बदलत गेले की गंध बदलत जातात, असा त्याचा हिशेब. मराठीतही या विद्येची जुनी खूण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्याला मराठी टीका जोडलेली आहे आणि गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. सुगंध म्हणजे मोजूनमापून केलेली रचना, ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे. उगमाच्या शुद्धतेचा आग्रह हा त्या मानाने जाहिरातीच्या काळातला.

तर मग पारख कशी करायची? एका वेळी एकच बत्ती, आणि शक्यतो दिवसातून एकच. नाक फार लवकर थकते. तिसऱ्या बत्तीनंतर चंदन आणि केवडा यांत फरक कळेनासा होतो. पंखा बंद ठेवावा, खिडकी थोडी उघडी असावी. बत्ती पेटवून ज्योत आठ-दहा सेकंद राहू द्यावी, मग हाताने वारा घालून विझवावी, आणि लेप सगळ्या बाजूंनी सारखा लाल झाला आहे ना ते पाहावे. एका बाजूचाच निखारा असेल तर लेप नीट वळलेला नाही, आणि अशी बत्ती अर्ध्यात विझते. पहिल्या मिनिटाचा वास हिशेबात धरू नये, त्यात काडीपेटीचे गंधक आणि ज्योतीचा धूर मिसळलेला असतो. धुराच्या रेघेवर नाक धरणे तर टाळावेच, कारण कोणतीही बत्ती तिथे तिखटच लागणार. आठ-दहा फुटांवर बसावे. दहा मिनिटांनी दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत जाऊन थोड्या वेळाने परत यावे. उंबरठा ओलांडताना येणारा पहिला वास सर्वांत प्रामाणिक, कारण तोवर नाक ताजे झालेले असते. त्या क्षणी काय जाणवते? आधी सुवास आणि मागून धूर, की आधी जळका वास आणि मागून गोडवा? चांगल्या मसाल्यात हे दोन वेगळे काढता येत नाहीत. लाकूड, राळ, फूल असे थर येतात, पण जळण वेगळे उरत नाही. कच्च्या बांधणीत ते दोन वाद्ये बेसूर वाजावीत तसे वेगवेगळे ऐकू येतात. मग बत्ती संपल्यावर खोली तासभर तशीच सोडावी. हलकी द्रव्ये एव्हाना गेलेली असतात. उरलेला वास लाकडी, मृदू, किंचित गोड असेल तर पाया चांगला होता. आंबूस, राखेचा किंवा जळक्या साखरेचा वास उरला तर वरचे मिश्रण झाकणापुरते होते. डोळे चुरचुरणे आणि घशात खवखव ही लक्षणे पाहुण्यांवर सोडू नयेत, ती आपणच नोंदवावीत.

एक कोरडी चाचणीही आहे. न पेटवलेली बत्ती पांढऱ्या कागदात गुंडाळून रात्रभर ठेवावी. सकाळी तेलकट, पारदर्शक डाग पसरलेला दिसला तर तिच्यावर द्रव मिश्रण बरेच चढवले आहे. पण हा पुरावा एकट्याने पुरेसा धरू नये, कारण मध किंवा हलमड्डी असलेली बत्तीही दमट दिवसांत कागदावर खूण सोडते. नखाची चाचणी आणि कागदाची चाचणी एकच सांगत असतील तरच निष्कर्ष काढावा.

याउलट काही प्रचलित कसोट्या निखालस टाकाऊ आहेत. पांढरी राख म्हणजे शुद्ध बत्ती, काळी म्हणजे भेसळ, असे ठामपणे सांगितले जाते. राखेचा रंग लेपातल्या खनिजांवर आणि जळण किती पूर्ण झाले यावर ठरतो, सुगंधाशी त्याचे नाते नाही. राख न पडता लांब उभी राहणे हेही मुख्यतः चिकटवणाऱ्या पुडीचे कसब. धूर कमी म्हणजे दर्जा उंच, हे अर्धेच खरे. कोळशाची बत्ती मुळात कमी धूर करते आणि राळ-लोबान असलेला उत्तम मसाला त्याहून जास्त. जाडीवरून तर काहीच कळत नाही, कारण जाड लेपात लाकडाचा भुसाही भरता येतो. किंमत तुलनेला उपयोगी पडते, पण ती पुड्यामागे न मोजता वजनामागे मोजावी. वेष्टनावर निव्वळ वजन किंवा नग, निर्मितीचा महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असते. वीस बत्त्यांचा पुडा पंधराच्या पुड्यापेक्षा हलका असू शकतो. वजनात काडीचाही वाटा असतो, हेही विसरू नये.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र टाकाऊच नव्हे तर घातक आहे. काहीही जाळले की बारीक कण, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड निर्माण होतात, मग ते चंदन असो वा कोळसा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत धूपकाडीच्या ग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम कण निघाले, सिगारेटच्या ग्रॅममागे सुमारे १०. उदबत्ती कोणी ओठांत धरून ओढत नाही, धूर खोलीत विरतो, त्यामुळे या आकड्यांवरून दोहोंचा धोका सारखा ठरवणे चूक. पण बंद खोलीत रोज दोन-तीन बत्त्या जळत असतील तर तो आकडा आठवणीत असावा. सिंगापूरमधल्या ६१ हजारांहून अधिक चिनी रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीत (निष्कर्ष २००८) वर्षानुवर्षे घरात धूप जाळण्याचा संबंध वरच्या श्वसनमार्गाच्या कर्करोगाशी आढळला. चांगल्या मसाल्याचा खरा फायदा इथे कामाला येतो. त्याचा दरवळ मागे राहतो, म्हणून अर्धी बत्तीही पुरते. पूजा आटोपली की टोक वाळूत किंवा तांदळात दाबून विझवावे आणि उरलेली संध्याकाळी लावावी. दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असलेल्या खोलीत लावूच नये. डास पळवणारी म्हणून विकली जाणारी स्वस्त, अनोळखी बत्ती देवघरात आणू नये. भारतीय मानक ब्युरोने डिसेंबर २०२५ मध्ये अगरबत्तीसाठी स्वतंत्र मानक, आयएस १९४१२ : २०२५, जाहीर केले. त्यात यंत्रावरची, हातवळणीची आणि पारंपरिक मसाल्याची असे तीन प्रकार केले आहेत, आणि ॲलेथ्रिन, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल ही कीटकनाशके वर्ज्य ठरवली आहेत. पुड्यावर त्या मानकाचे चिन्ह दिसले तर ते ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या छापील वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

बांबू जाळू नये, मग काडीची उदबत्ती कशी चालेल, हाही प्रश्न मराठी घरांत नेहमी निघतो. ज्यांची तशी श्रद्धा आहे त्यांच्यासाठी बिनकाडीची धूपकांडी आहेच. मात्र धूपकांडी आरोग्याला आपोआप चांगली, हे त्यातून सिद्ध होत नाही. ती बहुधा जाड असते, तिच्यात तेल-राळ अधिक असते आणि धूरही अधिक होतो. सुगंधाच्या दृष्टीने काडीचा तोटा एवढाच की तिचा लाकडी धूर लेपाच्या वासात मिसळतो, आणि लेप पातळ असेल तर तोच वरचढ होतो. म्हणून मसाला बत्तीत बारीक काडी आणि भरपूर लेप हे प्रमाण पाहावे. बत्ती आडवी मोडली की ते एका दृष्टिक्षेपात कळते.

खरेदी कुठून करावी यापेक्षा कशी करावी, हे महत्त्वाचे. म्हैसूर अगरबत्तीला भौगोलिक निर्देशांक आहे, बंगळूरला मसाल्याची जुनी घराणी आहेत, आणि आपल्याकडे पंढरपुरात बुक्का-अष्टगंधाच्या शेजारी हातवळणीच्या उदबत्त्या आजही मिळतात. कुठेही गेलात तरी एकदम मोठा पुडा न घेता दोन-तीन प्रकारांचे सर्वांत लहान पुडे घ्यावेत आणि आठवडाभरात एकेक लावून पाहावी. घरी आणल्यावर प्रत्येक प्रकार स्वतंत्र ठेवावा. केवडा आणि चंदन एका डब्यात महिनाभर राहिले की दोन्हींचा वास एकच होतो, आणि कापराचा डबा शेजारी असेल तर दोन्हींना कापूरच येतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा काचेचा डबा, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर, एवढी व्यवस्था पुरते. पावसाळ्यात बत्ती ओलसर झाली तर ती उन्हात टाकू नये, कारण ओलाव्याबरोबर तेलही उडते. कागदावर सावलीत तासभर पसरावी. बुडवलेली बत्ती वर्षाच्या आत संपवलेली बरी. मसाल्याच्या पुड्यावर मात्र पाच-सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली म्हणून तो परत करू नये. एवढ्या काळात कच्च्या तेलांचा तिखटपणा ओसरलेला असतो.